नुसा पेनिडाला मँटा बघायला जायचंय (ऑगस्ट): बोट, मास्क, लाटा यांबद्दल प्रश्न

घाटवाट:
ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बालीला आहोत, मुक्काम सानूरला. एक दिवस नुसा पेनिडाला जाऊन मँटा रे (पंखांसारखे पर असलेला प्रचंड पाकट मासा) बरोबर स्नॉर्केलिंग करायचा बेत आहे. पाच जण आहोत. मी (तलावात बऱ्यापैकी पोहतो), बायको (पोहता येतं, पण पाय टेकत नसले की घाबरते), मुलगा १२ वर्षांचा (पोहण्यात तरबेज), आई ६६ आणि बाबा ७०. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. समुद्रात स्नॉर्केलिंग कुणीच केलेलं नाही.

मला −४.५ चा चष्मा आहे आणि मिश्या आहेत. मिश्या असल्या की मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणतात, खरं का?

व्हिडिओंमध्ये पाणी अगदी संथ दिसतं, तर काही जण लिहितात की भयंकर लाटा असतात, अर्धी बोट ओकत असते. खरं काय? मँटा नक्की दिसतात का? आणि बोट ठरवताना काय विचारून घ्यावं?

खडपे:
व्हिडिओ खोटे नाहीत, निवडलेल्या दिवसांचे असतात. ऑगस्टमध्ये असे दिवस मिळतात, पण त्यांची हमी नाही.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. पेनिडा बालीच्या आग्नेयेला, मध्ये बडुंगची सामुद्रधुनी. सानूर बंदरातून स्पीडबोट साधारण ३० ते ४५ मिनिटांत बेटाच्या उत्तर अंगाला, तोयापाके किंवा बंजार न्यूहला सोडते. तिथून छोटी स्नॉर्केलिंगची बोट पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे निघते. वाटेत गामात बे, क्रिस्टल बे, मग ब्रोकन बीचजवळचा मँटा बे, आणि केलिंगकिंगच्या कड्यापुढे मँटा पॉइंट. उत्तरेला बेटाचा आडोसा आहे. दक्षिणेला थेट हिंदी महासागर, नैऋत्येकडे अंटार्क्टिकापर्यंत मोठी जमीनच नाही. दक्षिणेत खोल समुद्रात वादळं झाली की त्यांची लाट काही दिवसांनी इथल्या कड्यांवर येऊन आदळते, आणि मे ते सप्टेंबर हा तिचाच मोसम. म्हणून बालीत वारा पडलेला, आकाश निळं, आणि मँटा पॉइंटला मात्र बोट वर-खाली होतेय, हे अगदी नेहमीचं आहे. आकाशाकडे बघून अंदाज बांधू नका.

मँटा बे आणि मँटा पॉइंट या दोन वेगळ्या जागा आहेत, हे पक्कं लक्षात ठेवा. बरेच बोटवाले पहिल्यालाच दुसऱ्याचं नाव देतात. मँटा पॉइंट हे मुळात 'क्लीनिंग स्टेशन' आहे. तिथे प्रवाळाच्या खडकावर छोटे रास मासे मँटाच्या अंगावरचे परजीवी खातात, म्हणून मँटा त्या खडकाभोवती घिरट्या घालतात. मँटा बे मध्ये त्या जास्त करून खायला येतात, आणि तिथे तरुण मँटा बऱ्याचदा दिसतात. मँटा बे जवळ आणि उथळ आहे, पण कडा उभा असल्यामुळे लाट आपटून उलटी फिरते आणि पाणी घुसळतं. उंची कमी असली तरी अंगाला त्रास त्याचा जास्त होतो.

मँटा इथे वर्षभर असतात. मोसम म्हणाल तर तुमच्या सोयीचा मोसम असतो, त्यांचा नव्हे. तरी जंगली प्राणी आहे, 'नक्की दाखवतो' म्हणणारा बोटवाला लगेच बाद करा.

पाणी हिरवट, गढूळ दिसलं तर तोंड वाकडं करू नका. मँटा प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खाते, आणि प्लँक्टन म्हणजेच ते गढूळ पाणी. काचेसारख्या पाण्यात तिला खायला काही नसतं.

आता बोट. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं विचारा: बोटीवर जास्तीत जास्त किती माणसं, एका गाइडमागे किती, आणि गाइड स्वतः पाण्यात उतरतो की बोटीवर बसून बोट दाखवतो. बोटीला पाण्यात खोल जाणारी पक्की शिडी आहे का. १२ वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाईफ जॅकेट आहे का. दोरीला बांधलेलं तरंगतं कडं (रिंग) नेता का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाट मोठी असली तर काय करता. 'मग गामात आणि तोयापाकेला नेतो, तेवढे पैसे कमी घेतो' असं सरळ उत्तर देणारा माणूस चांगला. 'नो प्रॉब्लेम, एव्हरी डे गो' म्हणणारा नको.

शक्य असेल तर आदल्या रात्री पेनिडालाच मुक्काम करा. सानूरहून येणारे सगळे साधारण एकाच वेळी, नऊ-दहाच्या सुमारास पोचतात आणि एकाच वेळी मँटाच्या जागी धडकतात. तोयापाकेहून सात-साडेसातला निघालात तर तासभर तरी निवांत मिळतो. शिवाय एकाच सकाळी दोन बोटींचा प्रवास पोटाला सोसावा लागत नाही.

निळा_मासा:
मास्कचं मी सांगतो, कारण दहातल्या आठ जणांची सहल मास्कमुळे बिघडते, मँटामुळे नाही.

मास्क इथूनच विकत घेऊन जा. भाड्याचे मास्क कडक झालेले असतात. माप असं बघायचं: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. श्वास धरून आहात तोवर मास्क चिकटून राहिला तर बसतो. पडला किंवा हळूच हवा शिरली तर दुसरा घ्या. दुकानातच स्नॉर्केलचं तोंड दातांत धरूनही हे करून पाहा, कारण तोंड उघडलं की गालांचा आकार बदलतो आणि मघाशी बसलेला मास्क गळायला लागतो.

मिश्यांचं खरं आहे. सिलिकॉनची कड बरोबर नाकाखाली बसते, आणि तिथल्या केसांमधून पाणी झिरपतं. सगळ्या मिश्या उतरवायची गरज नाही. नाकाच्या अगदी खाली तीन-चार मिलिमीटरची पट्टी वस्तऱ्याने साफ केलीत की कडेला कातडी मिळते. ते नको असेल तर डायव्हिंगच्या दुकानात सिलिकॉन ग्रीस मिळतं, त्याचं बोट मिश्यांवर फिरवा. व्हॅसलीन लावू नका, ते मास्कच्या मटेरियलला चांगलं नाही. उरलंसुरलं पाणी येणारच. पाण्यात उभे राहा, मास्कची खालची कड बोटाने जराशी उचला, पाणी गळून जातं. पाच सेकंदांचं काम आहे. ते घाबरून न करता येणं, हीच खरी तयारी.

पट्टा आवळला की गळती थांबते, हा गैरसमज आहे. आवळल्याने कड दुमडते आणि जास्तच गळते. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, नुसता टेकलेला हवा. कडेखाली एकही केस नको. हसलात की गालाला घडी पडते आणि पाणी आत, त्यामुळे मँटा दिसल्यावर हसू आवरा!

चष्म्यासाठी नंबरचा मास्क मिळतो. काही मॉडेल्सना तयार काचा बसतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने. −४.५ मिळेल, आणि पाण्यात वस्तू जवळ व मोठ्या दिसतात त्यामुळे −४ नेही काम भागतं. सिलिंडर नंबर मात्र या तयार काचांत येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर रोज टाकून द्यायच्या वापरा, आणि मास्कमध्ये पाणी शिरलं की डोळे मिटून ते काढा.

नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे तो सारखा धुकतो. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) बोटाने काचेच्या आतल्या बाजूला दोन-तीन मिनिटं घासा, धुवा, हे तीन-चार वेळा करा. मग बोटीवर दरवेळी उतरायच्या आधी बेबी शाम्पूचा थेंब चोळून हलकं विसळलं की पुरतं. कपाळाला सनस्क्रीन लावू नका. ते ओघळून डोळ्यांत जातं आणि मास्कही घसरतो. मास्क कपाळावर चढवून बसायची सवयही नको, एका लाटेत तो तळाला जातो. काढायचा तर गळ्यात लोंबकळू द्या.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क आकर्षक दिसतात, पण या जागी नेऊ नका. आत पाणी शिरलं तर साध्या मास्कसारखं झटकन काढता येत नाही, आणि झडपा नीट नसल्या तर सोडलेलाच श्वास परत आत घेतला जातो.

आता सराव. ऑगस्टला जाताय म्हणजे मालवण-तारकर्लीला जाऊन शिकून येऊ म्हणायची सोय नाही, पावसाळ्यात तिथलं स्नॉर्केलिंग बंद असतं. आणि तसंही तिथे गाइड धरून ठेवतो, त्यात तुमची परीक्षा होत नाही. जवळच्या तलावावर परवानगी काढा (काही ठिकाणी फिन्स, म्हणजे पायांत घालायचे पर, चालत नाहीत, मास्क-स्नॉर्केल चालतं). आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नुसतं तोंड बुडवून दहा मिनिटं श्वास घ्या. लांब, संथ, सोडताना पूर्ण सोडा. नळीत जुनी हवा उरते, त्यामुळे भराभर वरचे श्वास घेतले की छातीत दडपण येतं आणि माणसाला वाटतं नळी खराब आहे. मग हातपाय न मारता उपडं पडून पाच मिनिटं तरंगा. मग मुद्दाम नळीत पाणी घ्या आणि 'थू' म्हणून एका फुंकरीत बाहेर काढा. शेवटी खोल बाजूला, लाईफ जॅकेट घालून, मास्क पूर्ण काढा आणि पुन्हा लावा. वहिनींना हे शेवटचं जमलं की निम्मी भीती गेली समजा. नाही जमलं तर तेही आधीच कळलेलं बरं.

गोळीबंद:
पोटाबद्दल. औषधांचं मी सर्वसाधारण सांगते, बाबांसाठी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

आपल्याकडे एस.टी.च्या घाटासाठी घेतात तीच अ‍ॅव्होमिन बोटीलाही चालते, पण निघण्याआधी तास-दोन तास घेतलेली. मळमळ सुरू झाल्यावर गिळली तर ती पोटात राहतच नाही. तिने झोप येते. गुंगीत असलेला माणूस खोल पाण्यात उतरवायचा नसतो, म्हणून घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा किती झोप येते ते. ज्येष्ठांना काचबिंदू, प्रोस्टेट, बीपीच्या गोळ्या यातलं काही असेल तर डॉक्टरांना न विचारता देऊ नका. मुलाचा डोस वजनावर ठरतो, तोही विचारूनच. विसरलात तर इंडोनेशियात अँटिमो नावाची गोळी कुठल्याही छोट्या दुकानात मिळते. तिच्यानेही झोप येते.

उपाशी पोटी जाऊ नका, तट्ट भरूनही नको. टोस्ट, केळं, इडली असं कोरडं-हलकं तासभर आधी. आलेपाक खिशात ठेवा, बऱ्याच जणांना उपयोग होतो. बोटीत मध्यावर, जरा मागच्या बाजूला बसा, पण इंजिनाच्या धुरात नाही. नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घालणारा पहिला पडतो.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: बोट चालू असताना जेवढं लागतं त्याहून जास्त ती थांबून डुलत असताना लागतं. पाण्यात उपडं तरंगतानाही लागतं. ओकारी आली तर नळी तोंडातून काढा, मोकळं व्हा, तोंड विसळा. लाजायचं काम नाही, मासे खूश होतात.

घाटवाट:
धन्यवाद सगळ्यांना, हे तर सोनं आहे. अजून तीन शंका.

१) बायकोने लाईफ जॅकेट घालून मँटा दिसेल का, की खाली बुडी मारावीच लागते?
२) आई-बाबांना बोटीवरच बसवून आम्ही उतरलो तर?
३) स्टीव्ह अर्विन पाकटाच्या काट्याने गेले होते ना? मग ही तर त्याहून कितीतरी मोठी. मुलगा सारखा तेच विचारतोय.

वल्हं:
तिसऱ्यापासून सुरू करतो. अर्विन २००६ साली गेले ते स्टिंगरेच्या शेपटीतल्या काट्याने. मँटा त्याच कुळातली असली तरी तिच्या शेपटीत काटा नाही. दात इवलेसे, तेही खालच्या जबड्यात, आणि खाण्यासाठी ती ते वापरत नाही. मोठं तोंड उघडून पाणी आत घेते आणि कल्ल्यांतल्या जाळीतून प्लँक्टन गाळते. पेनिडाला दिसते ती रीफ मँटा, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण तीन-चार मीटर. समुद्री मँटा वेगळी, ती सात मीटरपर्यंत वाढते. इंडोनेशियाने २०१४ मध्ये दोन्हींना पूर्ण संरक्षण दिलं. मुलाला सांगा, इथे इजा व्हायची ती तिला आपल्यापासून.

बुडीची गरज नाही. मँटा वरच्या थरात येते, आणि उपडं तरंगणाऱ्याला छान दिसते. जॅकेट वापरा, फक्त बाजूचे पट्टे ओढून घट्ट करा. ढिलं जॅकेट पाण्यात हनुवटीपर्यंत वर सरकतं आणि मान पाण्यात घालूच देत नाही. वहिनींनी जॅकेट अधिक रिंग असं करावं. गाइड रिंग ओढतो, त्यांनी दोन्ही हातांनी धरायचं आणि फक्त खाली बघायचं. दिशा, लाट, बोट कशाचीच काळजी नाही. असा गाइड न मिळाल्यास त्यांनी मँटाच्या जागी उतरू नये, गामातला उतरावं.

कपडे: पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोहायचा शर्ट) आणि लेगिंग. ऑगस्टमध्ये खालचं थंड पाणी वर येतं. २२-२४ अंश धरून चाला, कधी त्याहूनही कमी. वीस मिनिटांत दात वाजायला लागतात, त्यामुळे बोटीवर तीन मिलिमीटरचा वेटसूट भाड्याने मिळत असेल तर घ्या, मुलाला तर घ्याच. तो तरंगायलाही मदत करतो. प्लँक्टनबरोबर डोळ्यांना न दिसणारे दंश करणारे जीवही येतात, उघड्या कातडीला टोचतात. ते धोक्याचे नसतात, पण नवख्याला दचकवतात. सलवार, ओढणी, सैल सुती टी-शर्ट घालून उतरायचं नाही, कापड पायांत गुरफटतं.

उतरताना: कॅप्टनने खूण केल्याशिवाय कुणी हलायचं नाही. इंजिन न्यूट्रल, गाइड आधी पाण्यात, मग एकेक. काठावर बसून, तळहाताने मास्क दाबून धरून घसरायचं. बघून, खाली कुणी नाही याची खात्री करून. पाण्यात पडलं की आधी रिंगपाशी जमा व्हायचं, आणि श्वास संथ होईपर्यंत मान पाण्यात घालायची नाही.

कड्याची बाजू ही धोक्याची बाजू. कायम गाइडच्या समुद्राकडच्या अंगाला राहा. मँटा कड्याजवळ गेली तर जाऊ द्या. आपण कड्याकडे सरकतोय असं वाटलं तर उभं राहून सायकल मारत बसू नका, त्याने जागचं हलणं होत नाही. उपडं पडा, तोंड पाण्यात, कंबरेपासून पाय मारा, बाहेरच्या दिशेने.

आणि खुणा. एक हात वर करून हलवणं म्हणजे 'मदत हवी'. म्हणून फोटोसाठी बोटीकडे बघून हात हलवू नका, कॅप्टन बोट घेऊन येतो. सगळं ठीक असेल तर मूठ डोक्यावर टेकवा.

आता मुख्य. मँटा दिसली की काय करायचं? काही नाही. खरंच काही नाही. हातपाय जवळ घ्या, फिन्स थांबवा, तरंगत राहा. पंखांच्या दोन फटकाऱ्यांत ती तुमच्या आवाक्याबाहेर जाते, तिचा पाठलाग कुणालाही जमत नाही. पाठलाग केला की ती खोल जाते आणि मग त्या तासाला आलेल्या पन्नास माणसांना रिकामं पाणी बघावं लागतं. उलट, स्थिर राहिलात तर ती त्याच रिंगणावरून फिरून येते. क्लीनिंग स्टेशनवर तर हमखास, कारण ती तिथे कामासाठी आलेली असते. खात असेल तेव्हा ओळखायला सोपं आहे. एरवी गुंडाळलेल्या तोंडाजवळच्या दोन पाळ्या उलगडलेल्या असतात, जबडा आ वासलेला, आणि ती एकाच पट्ट्यात पुढे-मागे फेऱ्या मारते. तो पट्टा हेरा आणि त्याच्या बाजूला थांबा, वाटेत नाही. अंतर किमान तीन मीटर. ती स्वतः जवळ आली तर हरकत नाही, सरळ अंगावर येतेय असं वाटलं तरी हलू नका, शेवटच्या क्षणी खाली वळते. तिचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, मागचं तिला दिसत नाही. मागून किंवा वरून गाठलंत तर ती बिचकते. हात लावायचा नाही, तिच्या अंगावर बुळबुळीत संरक्षक थर असतो, तो निघतो.

पोहणाऱ्या मुलांना वरून बुडी मारायची फार हौस असते. या जागी नको. खाली स्कूबावाले असतील तर त्यांच्या बुडबुड्यांवरही जाऊन थांबायचं नाही.

बोटीवर परतताना घाई करणारे जखमी होतात. लाटेत शिडी वर-खाली आपटते. आधी एका हाताने शिडी धरून दोन्ही फिन्स काढून वर द्या. बोट खाली आली की पाय ठेवा, ती वर जाताना तिच्याबरोबर वर चढा. दुसरा चढत असताना त्याच्याखाली थांबू नका, आणि बोटीच्या मागच्या टोकाला, पंख्याकडे, कधीच जाऊ नका.

गोळीबंद:
आई-बाबांचं मी सांगते: बोटीवर बसवून ठेवू नका. वर लिहिलं तेच, थांबलेली बोट सगळ्यात वाईट. तुम्ही अर्धा तास पाण्यात मजेत असता आणि ते डुलणाऱ्या बोटीत उन्हात बादली धरून. ७० आणि बीपी म्हणजे थंड पाणी, लाट आणि शिडी यांचा एकत्र ताणही नको. त्यांना पेनिडावर गाडी करून द्या. केलिंगकिंगचा कडा वरून बघता येतो, आणि पाणी स्वच्छ असलं तर वरून खाली फिरणाऱ्या मँटा काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतातही. दुर्बीण असेल तर न्या. फक्त खाली किनाऱ्यावर उतरणाऱ्या पायऱ्यांच्या नादी लागू देऊ नका, त्या तरुणांची दमछाक करतात. रस्ता वळणांचा आहे, गोळी त्यांनाही लागेल.

पाणकोंबडा:
थोडं वेगळं मत. तुमच्या घरचं वर्णन वाचून मला तर वाटतं, मँटा हेच कारण असेल तर पेनिडापेक्षा मालदीव बरं. बा अ‍ॅटॉल या प्रवाळ-बेटांच्या समूहातला हनिफारू बे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, मे ते नोव्हेंबर, प्रवाह प्लँक्टन घेऊन येतो, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते खाडीसारख्या प्रवाळ-कोंडाळ्यात अडकतं. भरपूर अडकलं तर डझनावारी मँटा एकाच वेळी तिथे गोळा होतात आणि गोल-गोल फिरत खातात. ऑगस्ट-सप्टेंबर ऐन मोसम.

तिथे २०१२ पासून स्कूबा बंद आहे, फक्त स्नॉर्केलिंग. परवानाधारक गाइड लागतो, एका गाइडमागे जास्तीत जास्त दहा माणसं, एका खेपेला ४५ मिनिटं, आणि रेंजर बघायला असतात. मुख्य म्हणजे प्रवाळाचा आडोसा आहे, पेनिडासारखा उघडा समुद्र आणि उभा कडा नाही. मुंबईहून माले थेट, मालेहून धारावंधूला देशांतर्गत विमान वीसेक मिनिटं, आणि धारावंधूच्या धक्क्यावरून हनिफारू बोटीने पाच-दहा मिनिटं. रिसॉर्टच लागतं असं नाही, धारावंधूला गेस्टहाउसं आहेत. वस्तीचं बेट आहे, त्यामुळे दारू नाही आणि पोहायचे कपडे ठरलेल्या किनाऱ्यापुरतेच.

अर्थात तिथेही चंद्र चुकला तर खाडी रिकामी सापडते. दोन दिवसांत उरकायची जागा नाही, चार-पाच दिवस हवेत.

खडपे:
हनिफारूचं सगळं बरोबर, पण त्यांची तिकिटं बालीची आहेत! मँटासाठी बाली रद्द करा असं मी सांगणार नाही. बालीला जाताय तर मँटाला एक सकाळ द्या, एवढंच. कुटुंब दोन भागांत वाटा, आई-बाबा गाडीत, तुम्ही तिघं बोटीवर, आणि जेवायला तोयापाकेला भेटा.

फक्त वाटेतल्या बाकीच्या जागांना हलकं घेऊ नका. मँटाच्या नंतर माणूस निर्धास्त होतो आणि क्रिस्टल बे मध्ये पोहत पोहत बाहेरच्या तोंडापर्यंत जातो. तिथे ओढ जबर आहे, काही वेळा खाली खेचणारी. किनाऱ्याकडच्या आतल्या भागातच राहा. तोयापाकेच्या भिंतीवर प्रवाहाबरोबर वाहत जायचं असतं, बोट मागून येते. प्रवाहाविरुद्ध पोहून परत बोटीकडे यायचा प्रयत्न करू नका, तिथेच दमायला होतं. उधाणाच्या दिवसांत ही ओढ वाढते.

निळा_मासा:
कॅमेऱ्याचं राहिलं. मनगटाला दोरी, कॅमेऱ्याला तरंगतं हँडल. फ्लॅश नको, सेल्फी स्टिक मँटाच्या तोंडासमोर नको. सूर्य पाठीशी घ्या आणि कॅमेरा हलवू नका, तीच फ्रेममधून जाऊ दे. गढूळ पाण्यात लांबून काढलेलं काही येत नाही.

पोटाचा फोटो मिळाला तर जपून ठेवा. मँटाच्या पोटावरचे काळे ठिपके प्रत्येकीचे वेगळे आणि आयुष्यभर तेच राहतात, त्यावरून ती ओळखतात. वरून पोट दिसत नाही, पण खाताना ती उलटी कोलांटी घेते तेव्हा मिळतं. मँटामॅचर नावाचा ऑनलाइन संग्रह आहे, त्यावर तारीख आणि जागेसह फोटो टाकता येतो. मुलाला हे काम द्या, त्याला आवडेल. संपूर्ण काळी मँटा दिसली तर वेगळी जात समजू नका, तीही रीफ मँटाच, फक्त रंग गडद.

घाटवाट:
शेवटचं: बोट इथूनच बुक करून ठेवू, की तिथे जाऊन?

खडपे:
इथून फक्त बोटवाला ठरवा, दिवस नको. बालीच्या मुक्कामात दोन-तीन सकाळी मोकळ्या ठेवा. तीन दिवस आधीपासून विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर नकाशात पेनिडाच्या दक्षिण किनाऱ्यावर बोट टेकवा आणि 'स्वेल' (लांबून येणारी लाट) हा थर बघा, वाऱ्याचा नव्हे. उंची आणि दोन लाटांमधले सेकंद, दोन्ही बघायचं. तुमच्यासारख्या नवख्यांना सव्वा मीटरपर्यंत चालेल. दीडच्या वर गेलं तर वहिनी आणि मुलाला मँटाच्या जागी उतरवू नका. दोन मीटर आणि वर १४ सेकंदांचा काळ असेल तर मँटाचा नाद त्या दिवसापुरता सोडा, गामात करा. सेकंद जास्त म्हणजे लाट लांबून आलेली, जोर जास्त, कड्यावर फुटते तेव्हा कळतं. तिथल्या हवामान खात्याचा, बीएमकेजीचा, उंच लाटांचा इशारा असेल तर सानूरहून स्पीडबोटसुद्धा सुटेल की नाही ते आधी विचारा.

आणि परतीचं विमान त्याच संध्याकाळचं ठेवू नका. दुपारच्या बोटी उशिरा सुटतात.